निबेची धार आणि अक्षराचे वळण

सुट्टीतल्या एका सुलेखन वर्गाची ही गोष्ट आहे. सातवी-आठवीतली पंचवीसेक मुले होती. त्यांना आम्ही बाजारात मिळणारी कट निबची शाईपेने दिली होती. या निबेचे टोक नेहमीसारखे गोल नसते, ते छिन्नीसारखे सपाट असते. भिंतीवर जुन्या बोरूच्या वळणाचा कित्ता टांगलेला होता. मुले मनापासून गिरवत होती. रेघा बारीक आणि जाड येतही होत्या, पण भलत्याच ठिकाणी. कित्त्यातले अक्षर जिथे भरदार, तिथे मुलांचे अक्षर कृश. कित्त्यात जिथे केसासारखी रेघ, तिथे मुलांच्या वहीत शाईचा पट्टा. दोन दिवस आम्ही "हात बसलेला नाही, आणखी गिरवा" एवढेच सांगत राहिलो. तिसऱ्या दिवशी एका मुलीचा कागद मात्र कित्त्याशी तंतोतंत जुळला. ती डावखुरी होती. आम्ही तिला शाबासकी दिली आणि योगायोग म्हणून तो विषय सोडून दिला.

तो योगायोग नव्हता, आणि बाकीच्या मुलांचा हातही वाईट नव्हता. चूक आमची होती. ती समजायला आम्हांला सपाट टोकाच्या निबेचा इतिहास वाचावा लागला. तो बराचसा युरोपात घडला आहे, पण त्याचे एक टोक थेट आपल्या 'ठ' पर्यंत येऊन पोचते.

आधी एक प्रयोग करू. त्याला खडूच्या तुकड्यापलीकडे काही लागत नाही. साधारण तीन सेंटिमीटरचा खडू फळ्यावर आडवा टेकवा, म्हणजे त्याची पूर्ण लांबी फळ्याला लागेल. आता तो त्याच्या लांबीच्या दिशेनेच ओढा. बारीक रेघ येईल. लांबीला काटकोनात ओढा. तीन सेंटिमीटर रुंदीचा पट्टा येईल. मधल्या दिशांना मधल्या जाडीच्या रेघा येतील. त्रिकोणमिती शिकलेल्या मुलांना सांगता येईल की रेघेची जाडी म्हणजे धारेची रुंदी गुणिले धार आणि रेघ यांच्यातील कोनाचा साइन. धार 1.1 मिलिमीटरची आणि ती आडव्या ओळीशी ४५ अंशांत धरली, तर उभी आणि आडवी रेघ दोन्ही सुमारे ०.७८ मिलिमीटरच्या येतात. एक तिरकी रेघ पूर्ण १.१ मिलिमीटरची येते, तर दुसरी तिरकी रेघ धारेच्या स्वतःच्या जाडीइतकीच. कोन ३० अंशांचा केला की उभी रेघ ०.९५ आणि आडवी ०.५५ मिलिमीटर होते. हातावर दाब देण्याचा इथे काहीही संबंध नाही. बारीक काय आणि जाड काय, हे सगळे दिशा ठरवते.

आता खडू न फिरवता, म्हणजे त्याचा कोन कायम ठेवून, फळ्यावर वर्तुळ काढा. जाड-बारीक आपोआप येईल. या वर्तुळाकडे आपण शेवटी परत येणार आहोत, तेव्हा ते पुसू नका.

पंधराव्या शतकाच्या आरंभी फ्लॉरेन्स शहरातल्या विद्वानांना जुन्या लॅटिन ग्रंथांचे वेड लागले होते. त्यांना मठांमध्ये सापडलेल्या प्रतींचे अक्षर मोकळे, गोलसर आणि सुवाच्य होते. त्या काळातल्या दाट, टोकदार गॉथिक अक्षरापुढे ते त्यांना फार आवडले, आणि हेच प्राचीन रोमनांचे अक्षर अशी समजूत करून घेऊन ते त्याची नक्कल करू लागले. प्रत्यक्षात त्या प्रती शार्लमेनच्या काळापासून पुढे, म्हणजे नवव्या ते बाराव्या शतकांत लिहिल्या गेलेल्या होत्या. आज आपण छापील पुस्तकात जी सरळ रोमन अक्षरे वाचतो, त्यांचे मूळ या गैरसमजात आहे. इतिहासात अशा फलदायी चुका बऱ्याच सापडतात.

यांपैकी निक्कोलो निक्कोली याला ग्रंथ उतरवून काढण्याचा नाद होता. तो १४३७ साली वारला. हे सरळ, सुटे अक्षर जलद लिहिताना त्याच्या हातून ते थोडे उजवीकडे झुकले, अरुंद झाले आणि अक्षरे एकमेकांना जोडली जाऊ लागली. लेखणी उचलण्याचे प्रसंग कमी झाले. लेखणी अर्थातच पिसाची, आणि तिचे टोक सपाट कापलेले. या कापात एक सोय दडलेली आहे. धार ४५ अंशांच्या आसपास धरली की एका अक्षराच्या पायथ्याकडून पुढच्या अक्षराच्या माथ्याकडे जाणारी तिरकी जोडरेघ धारेच्याच दिशेने जाते, म्हणून ती सर्वांत बारीक येते. ती डोळ्यांना खुपत नाही आणि हाताला अडवत नाही. अक्षराचा कणा जाड, सांधा बारीक, अशी ही आपोआप झालेली विभागणी होती.

हे वळण पोपच्या कचेरीतील पत्रव्यवहारासाठी वापरात आले आणि 'कचेरीचे अक्षर' या अर्थाच्या नावाने प्रसिद्ध झाले. १५०१ साली व्हेनिसचा प्रकाशक आल्डस मनुशियस याने त्यावरून फ्रान्चेस्को ग्रिफ्फो या कारागिराकडून छपाईचे खिळे पाडून घेतले आणि खिशात मावणारी पुस्तके काढली. तीच आजची 'इटॅलिक' अक्षरे. येथे एक घोटाळा दूर केला पाहिजे. छपाईत इटॅलिक म्हणजे तिरपे अक्षर असे आपण समजतो, त्यामुळे इटॅलिक निब म्हणजे तिरपी निब असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. इटालियन कचेरीचे अक्षर ज्या सपाट टोकाने लिहीत, तसे टोक असलेली ती इटॅलिक निब.

या अक्षराचा पहिला छापील कित्ता रोममध्ये निघाला. लुडोविको देल्यी आरिगी हा पोपच्या कचेरीतला लेखनिक. त्याच्या 'ला ऑपेरिना' या ३२ पानी पुस्तिकेवर १५२२ साल आहे. सगळी पाने लाकडी ठशांवर उलटी कोरून छापलेली. मुळाक्षरे कोणत्या दोन मूळ रेघांनी सुरू होतात, कोणते अक्षर कोणत्या घराण्यातले, असे तो पायरीपायरीने सांगतो. शिक्षकाने वाचावी अशी ती मांडणी आहे. पुढे १५४० मध्ये या वळणावर लॅटिन भाषेत एक पुस्तक निघाले. त्याचा लेखक म्हणजे ज्याच्या नावाचा नकाशा आपण भूगोलाच्या तासाला भिंतीवर लावतो तो गेरार्डस मर्केटर. नकाशावर गावांची आणि नद्यांची नावे थोड्या जागेत स्पष्ट बसवायची, तर अरुंद आणि सुवाच्य इटॅलिक अक्षरासारखे दुसरे नाही, हे त्याने ओळखले होते. पीस कसे कापावे आणि कसे धरावे, याच्या आकृत्याही त्याने दिल्या आहेत.

मग हे इतके सोयीचे अक्षर गेले कुठे? त्याचे उत्तर तांब्याच्या पत्र्यात आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून कित्ते लाकडावर कोरण्याऐवजी तांब्याच्या पत्र्यावर कोरले जाऊ लागले. कोरणी तांब्यात जितकी खोल दाबावी तितकी रेघ रुंद होते, आणि दाब हळूहळू कमी करत नेला की रेघ निमुळती होत केसासारखी संपते. कोरीव काम करणाऱ्याला ही फार सोपी आणि शोभिवंत गोष्ट. त्यामुळे कित्त्यांतली अक्षरे वेलबुट्टीसारखी वळसे घेऊ लागली. इंग्लंडात जॉर्ज बिकम याने १७३३ ते १७४१ या काळात टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध केलेला मोठा संग्रह म्हणजे या शैलीचे शिखर. पण शाळेतल्या मुलाच्या हातात कोरणी नव्हती. कोरणीचे अक्षर लेखणीने काढायचे म्हणून लेखणीचे टोक अणकुचीदार झाले. खाली येताना दाब द्यायचा म्हणजे टोक फाकून रेघ जाड होते, वर जाताना दाब काढून घ्यायचा. प्रत्येक अक्षरात दोन-तीनदा हा दाब-उचल व्यायाम. १८२० नंतरच्या दशकांत बर्मिंगहॅममध्ये जोसेफ जिलट, जोसाया मेसन वगैरे उद्योजकांनी पोलादी टाक यंत्रावर पाडायला सुरुवात केली, आणि ही टोकदार निब जगभरच्या शाळांत स्वस्तात पोचली.

अशी साधनाची आणि नमुन्याची फारकत झाली. कित्ता एका हत्याराने तयार केलेला, गिरवायचा दुसऱ्या हत्याराने, आणि जमले नाही की दोष मुलाच्या हाताचा! आपण सुरुवातीला सांगितलेल्या वर्गात नेमके हेच झाले होते, आणि ते करणारे आम्ही होतो.

युरोपात हा धागा पुन्हा जोडण्याचे श्रेय मुख्यतः एडवर्ड जॉन्स्टन याला जाते. हा १८७२ साली उरुग्वेत जन्मलेला. एडिंबरोला वैद्यक शिकत होता, पण प्रकृती साथ देईना म्हणून ते सोडले. लहानपणापासून अक्षरे रंगवण्याची आवड होती. १८९८ साली तो लंडनला आला तेव्हा कला आणि हस्तव्यवसायांच्या सेंट्रल स्कूलचे प्रमुख विल्यम लेथबी यांची गाठ पडली. त्यांनी या अननुभवी तरुणाला जुनी हस्तलिखिते पाहायला सांगितले आणि पुढच्याच वर्षी त्याच्यासाठी आपल्या संस्थेत लेखनकलेचा वर्ग काढला. सिडनी कॉकरेल या जाणकाराने ब्रिटिश म्युझियममधील कोणती हस्तलिखिते पाहावीत हे दाखवून दिले.

जॉन्स्टनने तिथे जे केले, ते आम्हांला विज्ञानाच्या दृष्टीने फार महत्त्वाचे वाटते. हजार वर्षांपूर्वीच्या लेखनिकाला विचारायची सोय नव्हती. त्याची लेखणी शिल्लक नव्हती. शिल्लक होती ती फक्त कागदावरची, खरे तर चर्मपत्रावरची रेघ. वाळूतल्या पावलावरून शिकारी जनावर ओळखतो, तसे रेघेवरून हत्यार ओळखायचे होते. पानामागून पान त्याने पाहिले. बारीक रेघ नेहमी एकाच दिशेची आहे. वळणाचा सर्वांत जाड भाग नेहमी एकाच जागी येतो. रेघेचे आरंभ आणि शेवट तिरपे छाटल्यासारखे आहेत, आणि त्यांचा तिरपेपणा बारीक रेघेच्या दिशेशी जुळतो. दाबाने जाडी आली असती तर टोके अशी छाटलेली दिसली नसती. निष्कर्ष एकच निघत होता: रुंद धारेची लेखणी, बहुतेक स्थिर कोनात धरलेली. मग त्याने स्वतः बोरू आणि पिसे कापली, लिहून पाहिले, आणि जुन्या पानाशी ताडून पाहिले. अनुमान, प्रयोग, पडताळा या तिन्ही पायऱ्या यात आल्या.

सगळे पहिल्याच झटक्यात बरोबर आले असे मात्र नाही. सुरुवातीच्या वर्षांत तो ज्या जुन्या वळणावर भर देत असे, त्यात धार जवळजवळ आडवी धरावी लागते. ते धरणे हाताला अवघड. पुढे दहाव्या शतकातल्या एका इंग्लिश स्तोत्रग्रंथाचे अक्षर त्याला अधिक नैसर्गिक वाटले. धार थोडी तिरपी धरून लिहिलेल्या या अक्षरावरून त्याने आपले पायाभूत वळण बेतले. मधल्या काळात, १९०६ साली, लेखन, सजावट आणि अक्षररचना यांवरचे त्याचे पुस्तक प्रसिद्ध झाले. ते आजही वाचले जाते. लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी १९१६ मध्ये त्याने केलेली अक्षरे सर्वत्र एकाच जाडीची, साधी आहेत. पण त्यांतल्या लहान 'आय' वरचा ठिपका पाहा. तो गोल नाही, कोनावर उभा केलेला चौकोन आहे. रुंद धारेची लेखणी ४५ अंशांत टेकवून किंचित ओढली की असाच ठिपका पडतो.

शाळेतल्या अक्षराचा प्रश्न त्याच सुमारास दुसऱ्या एका व्यक्तीने हाती घेतला होता. रॉबर्ट ब्रिजेस या कवीची पत्नी मोनिका ब्रिजेस हिने १८९९ साली शिक्षकांसाठी नव्या हस्ताक्षराचे नमुने प्रसिद्ध केले. त्यांवर सोळाव्या शतकातल्या इटालियन वळणाची छाप होती. पुढे आल्फ्रेड फेअरबँक या नौदल खात्यातल्या कारकुनाने ते काम नेटाने केले. दिवसभर कचेरीत लिहिणारा हा माणूस. त्यामुळे अक्षर सुंदर हवे, पण ते वेगातही टिकले पाहिजे, ही त्याची अट होती. त्याची हस्ताक्षर पुस्तिका १९३२ मध्ये निघाली, आणि १९५२ मध्ये इटॅलिक हस्ताक्षराचा प्रसार करणारी संस्था इंग्लंडात स्थापन झाली. त्या दशकात तिथल्या बऱ्याच शाळांनी हे वळण स्वीकारले. बदलता येणाऱ्या इटॅलिक निबांची ऑस्मिरॉइड नावाची स्वस्त पेने मुलांच्या दप्तरात दिसू लागली.

ऑस्मिरॉइड या नावात रसायनशास्त्राचा एक धडा लपला आहे. १८०३ साली स्मिथसन टेनंट याला प्लॅटिनमचे खनिज आम्लराजात विरघळवल्यावर खाली उरणाऱ्या काळ्या गाळात दोन नवी मूलद्रव्ये सापडली, ऑस्मियम आणि इरिडियम. त्यांची नैसर्गिक संमिश्रे अतिशय कठीण असतात. सोन्याची निब शाईने गंजत नाही पण कागदावर घासून लवकर झिजते. तिच्या टोकाला या संमिश्राचा कण डाखला तर ती वर्षानुवर्षे टिकते. जॉन आयझॅक हॉकिन्स याने १८३० च्या दशकात हे साधले. नंतरच्या काळात टोकासाठी इतर कठीण संमिश्रे वापरात आली, तरी 'इरिडियम पॉइंट' ही अक्षरे निबेवर राहिली ती राहिलीच. हा कण गोल घासला की नेहमीची निब होते. तो वरून-खालून चपटा आणि समोरून सरळ घासला की इटॅलिक निब होते. बऱ्याच स्वस्त पोलादी कट निबांना असा कण नसतोच; पत्र्याची कडच धार म्हणून काम करते.

आता स्टब म्हणजे काय ते सांगितले पाहिजे, कारण दुकानदार दोन्ही नावे सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. इटॅलिक निबेचे दोन्ही कोपरे तीक्ष्ण असतात. म्हणून बारीक रेघ खरोखर बारीक येते. पण पेन बोटांत किंचित फिरले की एक कोपरा कागदात रुततो आणि दुसरा उचलला जातो. रेघ अर्धीच उमटते, नाहीतर कागदाचे तंतू निबेत अडकतात. घाईने लिहिणाऱ्याला हे परवडत नाही. कोपरे गोलसर केले आणि धार थोडी बोथट केली की ती स्टब. स्टब म्हणजे थोटूक. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकी पेन कंपन्यांच्या सूचिपत्रांत स्टब निबा असत. बारीक रेघ थोडी जाड होते, म्हणजे दोन रेघांमधला फरक कमी होतो. त्या बदल्यात पेन कागदावर सुखाने चालते. एकात शिस्त जास्त, दुसऱ्यात क्षमा जास्त. मुलांना सुरुवातीला स्टबच द्यावी असे आमचे मत आहे.

रुंद धारेला शाईही जास्त लागते. १८८४ साली लुइस वॉटरमन याने पेटंट घेतलेल्या पेनात निबेखालच्या पट्टीला बारीक खाचा होत्या. केशाकर्षणाने शाई खाली उतरते आणि तिची जागा घ्यायला हवा वर जाते, ही देवाणघेवाण सुरळीत झाली की पेन गळत नाही आणि कोरडेही पडत नाही. पण निब दुप्पट रुंद केली, तर तेवढ्याच लांबीच्या रेघेला सुमारे दुप्पट शाई लागणार. पट्टी तीच ठेवली तर वेगात रेघ तुटते. संगीताची स्वरलिपी लिहिण्यासाठी केलेल्या रुंद निबेला यासाठीच एकाऐवजी दोन चिरा असतात.

निब किती रुंद घ्यावी? इटॅलिक वळणात मात्रा-वेलांटीसारखे वर-खाली काही नसलेले लहान अक्षर धारेच्या रुंदीच्या पाचपट उंच असावे, असा संकेत आहे. म्हणजे १.१ मिलिमीटरच्या निबेला साडेपाच मिलिमीटर उंचीचे अक्षर हवे. वहीच्या ओळीत ते मावत नाही, अक्षरांची पोटे शाईने भरून जातात. रोजच्या लिखाणाला ०.६ ते ०.७ मिलिमीटर पुरे. दुकानात सहज मिळते ती मात्र १.१ ची किंवा त्याहून रुंद.

बॉलपेनने ही सगळी चर्चाच निकालात काढली. लास्लो बिरो याचे पेटंट १९३८ चे. गोळीला दिशा नसते. ती कुठेही वळली तरी रेघ तेवढीच.

आता आपल्याकडे येऊ. आपला बोरू ही रुंद धारेचीच लेखणी. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने ज्या देवनागरी खिळ्यांमुळे नाव मिळवले, त्यांतही बोरूचीच जाड-बारीक रेघ आहे. टाक आला, मग गोल टोकाचे शाईपेन आले, मग बॉलपेन आले, तरी कित्ता बोरूचाच राहिला. म्हणजे युरोपात तांब्याच्या पत्र्यामुळे झाली तशी फारकत आपल्याकडेही झाली. मग मुलांच्या हातात सपाट टोकाची निब दिली की धागा पुन्हा जुळायला हवा होता. तो का जुळला नाही?

फळ्यावरचे ते वर्तुळ आठवते ना? त्याच्या जागी घड्याळाची तबकडी आहे असे समजा. खडूची दोन टोके दीड आणि साडेसात या दिशांना ठेवून काढलेले वर्तुळ दीड आणि साडेसात वाजण्याच्या जागी जाड येते, साडेदहा आणि साडेचार वाजण्याच्या जागी बारीक. हा झाला रोमन लिपीतला 'ओ'. जुन्या छापील इंग्रजी पुस्तकातला 'ओ' भिंगातून पाहिला तर त्याचा कल असाच दिसेल. आता जुन्या मराठी पुस्तकातला 'ठ' भिंगाखाली धरा. त्याचे वर्तुळ साडेदहा आणि साडेचारच्या बाजूंना भरलेले असते, दीड आणि साडेसातच्या बाजूंना बारीक. म्हणजे बरोबर उलटे, आरशातल्यासारखे. देवनागरीसाठी धार दुसऱ्या तिरप्या दिशेला हवी, खडूची टोके साडेदहा आणि साडेचार या दिशांना.

उजव्या हाताने पेन धरले की त्याचा दांडा उजव्या खांद्याकडे झुकतो. टोक सरळ कापलेले असेल, तर धार दांड्याला काटकोनात असल्यामुळे ती आपसूक दीड-साडेसातच्या दिशेला येते. रोमन लिपीला हे सोयीचे, म्हणून युरोपात सरळ कापलेली निब चालते. देवनागरीला तीच धार जवळजवळ काटकोनात फिरवावी लागते. आपले जुने लेखनिक यासाठी बोरूचा काप तिरपा घेत, म्हणजे निम्मे काम काप करी आणि उरलेले मनगट. आम्ही मुलांना रोमन लिपीची निब दिली होती आणि देवनागरीचा कित्ता. ती मुले महिनाभर गिरवत राहिली असती, तरी 'ठ' चुकीच्याच बाजूला भरला असता.

आणि ती डावखुरी मुलगी? तिचे पेन ओळीच्या खालून येत होते, दांडा डाव्या खांद्याकडे. सरळ कापलेली निब डाव्या हातात धरली की धार साडेदहा-साडेचारच्या दिशेला येते. देवनागरीला हवी तीच. हीच मुले इंग्रजी इटॅलिक लिहिताना अडचणीत येतात, आणि त्यांच्यासाठी परदेशात मुद्दाम तिरप्या कापाच्या निबा करतात. डावखुऱ्या मुलाला उजव्या हाताने लिहायला लावणारे पालक आणि शिक्षक आपण सर्वांनी पाहिले आहेत. बोरूच्या वळणाच्या देवनागरीपुरते तरी त्या मुलांना सरळ कापाचे पेन हातात आले की उजव्या हाताची मुलेच मागे पडावीत, अशी ही भूमिती आहे. हात ओळीच्या वरून वाकवून लिहिणाऱ्या डावखुऱ्यांना मात्र ती लागू होत नाही, हे लक्षात ठेवावे.

पुढच्या वर्गाच्या आधी आम्ही एक संध्याकाळ निबा घासण्यात घालवली. बाराशे नंबरचा वॉटर पेपर पाण्यात भिजवला. निबेचे टोक आपल्यापासून दूर राहील अशी धरून वरून पाहिले, तर डावा कोपरा पुढे आणि उजवा मागे असा तिरपा काप हवा. उजवी बाजू थोडीथोडी घासत गेलो. प्रत्येक चार-पाच घासण्यांनंतर शाईत बुडवून 'ठ' काढून पाहायचा. दोन निबा जास्त घासल्यामुळे वाया गेल्या. काहींचा कोपरा कागदाला ओरखडे काढू लागला, तो जरासा गोल करावा लागला, म्हणजे नकळत आम्ही स्टबच केली. घासलेल्या निबा उजव्या हाताने लिहिणाऱ्यांना दिल्या, मूळ सरळ निबा डावखुऱ्यांसाठी ठेवल्या. तशी त्या वेळी वर्गात तीन मुले निघाली. पहिल्या तासाला अक्षरे वेडीवाकडी आली, शाईचे डाग पडले, पण 'ठ' मधली जाडी सगळ्यांच्या कागदावर कित्त्याच्याच जागी होती.